स्क्रीन काळी-पांढरी, मंग कलर आला कुठून?

दारव्ह्याकडचा: भाऊ लोकं, काल रात्री लाईन आल्यावर 1960 च्या टायमाचे कंप्युटरवर बनवलेले ठिपक्यांचे अ‍ॅनिमेशन पाह्यले, एकदम रंगीबेरंगी. पण तवाच्या कंप्युटरची स्क्रीन त एकाच रंगाची राहे ना?

टुरिंग_टॉकीज: ऑप्टिकल प्रिंटर बाप्पा. इकडून प्रोजेक्टर, समोर कॅमेरा, अन् एकेक फ्रेम नव्या फिल्मवर उतरवाची. जॉन व्हिटनी नावाच्या अमेरिकन अ‍ॅनिमेशनवाल्यानं आयबीएमच्या कंप्युटरवर आकृत्या हालवल्या, स्क्रीनवरून ब्लॅक अँड व्हाईट फिल्म शूट केली, मंग प्रिंटरमधी फिल्टर लावून रंग भरला. दोन रंग पाहिजे असले त फिल्म रिवाइंड करून दुसऱ्यांदा एक्स्पोज कराची, काळ्या भागातून लाईटच येत नाही म्हणून तिथं दुसरं चित्र आरामात बसते. यात्रेतल्या टॉकीजचं मशीन पाह्यलं असंन त अर्धं समजलंच तुले.

दारव्ह्याकडचा: अन् चुकलं त?

टुरिंग_टॉकीज: चुकलं त लॅबमधून फिल्म धुऊन आल्यावरच समजे. अनडू कायचं आलं तिथं! कपाशी दुबार पेरल्यासारखं, पुन्हा पहिल्यापासून.

पुसदची_पोरगी: 1982 च्या ट्रॉन या इंग्रजी पिक्चरमधले चमकणारे कपडेबी कंप्युटरचे नाहीत बरं का. हिरो लोकं ब्लॅक अँड व्हाईटमधी शूट केले, हरेक फ्रेमचं मोठं पारदर्शक शीट काढलं, मागून लाईट अन् कलर फिल्टर लावून पुन्हा कॅमेऱ्यात घेतलं. खरं कंप्युटर काम पिक्चरमधी जेमतेम 15-20 मिनिटं हाये. मले त हेच जास्त भारी वाटते.

दारव्ह्याकडचा: च्यामायबी, मी त सगळं कंप्युटरचंच समजत होतो 😅