समुद्रकाठच्या शहरात ग्लुटेनविना जेवण: तुमचे अनुभव लिहा

माझ्या मुलीला गेल्या वर्षी सिलिअ‍ॅकचं निदान झालं. गहू, जव, राय यांतलं ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेलं की तिचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटतं. औषध नाही, जन्मभराचं पथ्य हाच उपचार. पुढच्या महिन्यात चार दिवस समुद्रावर जायचं ठरतंय. घरी तिची कढई, तिचा चमचा, सगळं वेगळं आहे. तिथे कसं करायचं? तुम्ही काय खाल्लंत, कुठे फसलात, दोन्ही लिहा.

*

ताई, मी फसले ते माशावर. मनात पक्कं होतं, की समुद्रकाठी आपल्याला काय अडचण? मासा, मीठ, लिंबू! "माशाला गव्हाचं पीठ लावता का?" असं विचारलं. "नाही" म्हणाले, आणि ते खरंच होतं. दोन घास खाऊन झाले आणि सहज भट्टीकडे लक्ष गेलं. पावाच्या चुऱ्यात घोळवलेले तुकडे त्याच कढईत पडत होते. तेलावर तपकिरी चुरा तरंगत होता आणि झाऱ्याच्या जाळीत अडकून बसला होता. रात्रभर उलट्या. पुढचे दोन दिवस मी खोलीच्या खिडकीतून समुद्र पाहिला.

तेल कितीही तापलं तरी ग्लुटेन नष्ट होत नाही. तेव्हापासून मी "यात काय आहे?" एवढ्यावर थांबत नाही, "हे कशात करता?" असंही विचारते. बटाट्याच्या साध्या काचऱ्यांनाही तोच प्रश्न. भाजलेला मासा असेल तर जाळीवर आधी फॉइल अंथरायला सांगते. मुलीला हा एक प्रश्न पाठ करून द्या.

*

खेकड्याच्या नावाने मिळणाऱ्या लाल-पांढऱ्या कांड्यांपासून सांभाळा. तो खेकडा नसतो, माशाचा लगदा असतो आणि त्यात बरेचदा गव्हाचा स्टार्च घातलेला असतो. सोया सॉसमध्येही सहसा गहू असतो. जाड रश्शाचं सूप असेल तर ते कशाने दाट केलंय ते विचारा. आणि पाकिटावर नुसतं 'गहूविरहित' लिहिलंय म्हणून घेऊ नका, त्यात जव असू शकतो.

*

आम्ही हॉटेल सोडून छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घेतो. बायकोला १२ वर्षं सिलिअ‍ॅक आहे. सोबत आमचं एक पातेलं, एक तवा, एक चाळणी आणि भांडी घासायची नवी घासणी. तिथला लाकडी चमचा आणि टोस्टर यांना हात लावत नाही. सकाळी बाजारातून ताजा मासा, अंडी, भाज्या, फळं. भात शिजवला की दुपारचा डबा तयार. संध्याकाळी एकदाच बाहेर, तेही आदल्या दिवशी बोलून ठेवलेल्या ठिकाणी. सगळ्या जेवणांची जोखीम घेण्यापेक्षा एकाचीच नीट चौकशी करणं आम्हाला परवडतं.

एक गोष्ट आमच्या उशिरा लक्षात आली. सॅनिटायझरने ग्लुटेन जात नाही. वाळूत खेळून, इतरांच्या खाऊला हात लावून आलेल्या मुलांचे हात साबण-पाण्यानेच धुवा.

*

मी समोरच्या बाजूचा, हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करतो. तुम्ही विचारता त्याचा आम्हाला त्रास होत नाही, फक्त वेळ निवडा. दुपारची गर्दी सरली आणि रात्रीची सुरू व्हायची आहे, तेव्हा फोन करा किंवा या. त्या वेळी मी पातेलं धुऊन, हातमोजे बदलून, वेगळ्या फळीवर चिरू शकतो. भर गर्दीत मला स्वतःचीच खात्री देता येत नाही, आणि खात्री नसेल तर मी नाही म्हणतो. त्या नकाराचं वाईट वाटून घेऊ नका.

"थोडंसं लागलं तर चालेल ना?" असं मीही पूर्वी विचारायचो. मग एका गिऱ्हाइकाने समजावलं, की अनेक देशांत 'ग्लुटेन-फ्री' लिहायची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे. त्या दिवशी पावाची फळी मी उचलून दुसऱ्या टोकाला नेली. तिथल्या भाषेत चार ओळींची चिठ्ठी आणलीत तर फार बरं. ती वेटरच्या तोंडून नको, हातानेच आत येऊ दे.

*

मी १७ वर्षांची आहे. दीदी म्हणून तुमच्या मुलीला सांगते, आइस्क्रीम खाता येतं. बिस्किटाचा कोन नको, कप घ्यायचा. त्याआधी साधं आइस्क्रीम ग्लुटेन-फ्री आहे ना, हे विचारायचं. मग नवा डबा उघडायला आणि चमचा धुऊन घ्यायला सांगायचं, कारण तोच चमचा कोनाला लागून परत डब्यात जातो. पहिल्यांदा मला रांगेत खूप लाज वाटली होती. मागच्या काकू म्हणाल्या, "घे बाळ सावकाश." आता मी बिनधास्त विचारते.

*

सगळं मुलीला वाचून दाखवलं. आइस्क्रीमचं दोनदा वाचायला लावलं. स्वयंपाकघर असलेली खोलीच बघतोय. किनाऱ्यावर दिवसभर डबा थंड कसा ठेवता?

*

रात्री पाण्याच्या दोन बाटल्या गोठवा आणि सकाळी डब्याच्या दोन्ही बाजूंना लावून जाड पिशवीत भरा. पिशवी सावलीतच ठेवा. दुपारी बर्फ वितळला की तेच प्यायचं पाणी. भात मात्र उरवून संध्याकाळी देऊ नका.