येडशी-रामलिंगच्या डोंगरात पायी चालणारे आणि सायकलस्वार एकाच वाटेने कसे न्यावेत?

प्रश्न : सातरस्ता, सोलापूर

नमस्कार. भाद्रपदातल्या एखाद्या रविवारी आम्ही घरचे चौघे येडशी-रामलिंगघाट अभयारण्यात जाण्याचा विचार करीत आहोत. वडील ६८ वर्षांचे आहेत; चढ ते सावकाश चढतात, पण उतारावर त्यांचे गुडघे दुखतात. पत्नीला पक्षी पाहण्याची आवड असल्यामुळे ती दर दहा पावलांवर थांबणार. मुलाने नुकतीच गियरची सायकल घेतली असून ती गाडीला बांधून सोबत न्यायचीच, असा त्याचा हट्ट आहे. रामलिंगाच्या देवळापर्यंत मी लहानपणापासून जात आलो आहे, परंतु दर्शन घेऊन आणि पावसाळ्यात धबधबा पाहून परतायचे, एवढेच आजवर घडले. त्यापुढच्या डोंगरवाटांना मी कधी पाय लावलेला नाही. तिथे जाण्यासाठी परवानगी लागते का, आणि भाविक, गुरे, चालणारे व सायकलवाले एकाच अरुंद वाटेवर समोरासमोर आले तर कोणी कोणाला वाट द्यायची? मध्यंतरी तिथे वाघ आला होता, त्याचीही वडिलांना काळजी वाटते.

उत्तर १ : बार्शीकर

आधी परवानगीचे सांगतो, कारण पुष्कळ मंडळी याच ठिकाणी चुकतात. रामलिंग हे तीर्थक्षेत्र असल्यामुळे आपण त्याला देवळाचे आवार समजून वावरतो, परंतु भोवतालच्या सुमारे २२ चौरस किलोमीटर जंगलाला १९९७ साली अभयारण्याचा दर्जा मिळालेला आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील कलम २७ नुसार सार्वजनिक रस्त्याने जाणाऱ्यास अडथळा नाही. तो रस्ता सोडून आत शिरायचे असेल तर कलम २८ प्रमाणे वनखात्याचा परवाना हवा. याच कायद्यात अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटवण्यासही मनाई आहे, म्हणून तीन दगडांची चूल मांडून चहा करण्याचा बेत असेल तर तो सोडून द्यावा. सायकल आत नेता येईल असे गृहीत धरू नका. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सायकली भाड्यानेही मिळतात, पण एका ठिकाणची मुभा दुसरीकडे चालत नाही. आदल्या दिवशी वनखात्याच्या कार्यालयात विचारून, कोणती वाट कोणासाठी खुली आहे ते नीट समजून घ्यावे. श्रावणी सोमवारी तिथे फार गर्दी असते. आपण भाद्रपदातला रविवार निवडला हे बरे केले, तरी सकाळी लवकर पोहोचावे. तुळजापूर-धाराशिवमार्गे गाडीने साधारण दोन तास धरा.

उत्तर २ : माळावरची सायकल

दादा, वाट देण्याविषयी मी सविस्तर लिहिते, कारण गेली नऊ वर्षे मी बालाघाटातल्या अशा वाटांवर सायकल चालवत आहे आणि हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो.

सायकलस्वाराने चालणाऱ्याला वाट द्यावी आणि या दोघांनीही जनावरांना वाट द्यावी. दोन सायकली समोरासमोर आल्या तर उतरणाऱ्याने थांबावे, कारण चढणाऱ्याची एकदा मोडलेली लय आणि दम परत येत नाही. चालणाऱ्याआधी सायकलने का थांबायचे, याचे कारण आपल्या मुरमात आहे. बालाघाटातल्या उतारावर वरचा मुरूम सुटा असतो. पुढचा ब्रेक जोराने दाबला की चाक खड्यांवरून घसरते आणि मग हँडल आपल्या हातात राहत नाही. चालणारा एका पावलात थांबू शकतो, सायकलस्वार थांबू शकत नाही, म्हणून त्याने वेग आधीच कमी ठेवायचा असतो.

हे मी अनुभवाने शिकले. एका गावाजवळच्या उतारावर मी घंटी न वाजवता वळणावरून आले. समोर एक आजी डोक्यावर गवताचा भारा घेऊन येत होत्या. भाऱ्यामुळे त्यांना मान वळवता येत नव्हती, आणि मी अगदी जवळ आल्यावरच त्यांना चाकाचा आवाज ऐकू आला. त्या दचकून बाजूला झाल्या, भारा निसटला आणि विळा माझ्या चाकापाशी येऊन पडला. त्यांना काही लागले नाही, मात्र गवत गोळा करताना त्यांचे हात थरथरत होते. त्या दिवसापासून मी प्रत्येक आंधळ्या वळणाआधी घंटी वाजवते, आणि माणूस दिसताच पाय टेकून "मावशी, तुम्ही या" असे म्हणते.

गुरे किंवा शेळ्या आल्या तर मुलाला सायकलवरून उतरायला सांगा. सायकल अंगाशी उभी धरून शांतपणे काही बोलत राहावे. बोलणारा माणूस गुरांच्या ओळखीचा असतो, चालून येणाऱ्या चाकाला मात्र ती बुजतात. आदल्या रात्री मोठा पाऊस झाला असेल तर सायकल नेऊच नये. पायथ्याची काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये इतकी घट्ट बसते की चाक फिरेनासे होते. शिवाय ओल्या वाटेवर चाकाची चाकोरी उमटते, पुढच्या पावसाचे पाणी त्याच चाकोरीतून धावते आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिथे घळ पडते. डबके दिसले तरी त्याला वळसा घालून गवतातून जाऊ नये, नाहीतर वाट दरवर्षी रुंद होत जाते.

उत्तर ३ : बालाघाट निरीक्षक

वाघाबद्दल : डिसेंबर २०२४ मध्ये या अभयारण्यातील कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला होता, आणि पुढे बार्शी तालुक्यातही त्याचा वावर आढळला. घाबरून बेत रद्द करण्याचे कारण नाही. मात्र त्या दिवसाची परिस्थिती वनरक्षकांना विचारावी, उजाडण्यापूर्वी व दिवस मावळल्यावर वाटेवर राहू नये आणि सर्वांनी एकत्र असावे. मुलाची सायकल इथे विशेष विचार करण्यासारखी आहे, कारण सायकल आवाज न करता वेगाने जाते आणि रानडुकराच्या अगदी जवळ पोहोचेपर्यंत दोघांनाही एकमेकांची चाहूल लागत नाही. त्याने आजोबांच्या नजरेबाहेर जाऊ नये.

रोजचा खरा त्रास माकडांचा आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीची सळसळ त्यांना लांबून कळते. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी झाकणाच्या डब्यात ठेवून तो डबा पाठीवरच्या पिशवीत तळाशी ठेवा, आणि कोणी कितीही आग्रह केला तरी माकडांना खायला घालू नका.

प्रश्नकर्त्याचे पुढील निवेदन : सातरस्ता, सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. आजच मुलाला दुसरे उत्तर वाचून दाखवले. त्याच्या सायकलला घंटीच नव्हती, ती संध्याकाळी बसवून घेतली. एक शंका राहिली : उतारावर वडिलांना मध्येच थांबावे लागते, त्या वेळी त्यांनी वाटेच्या कोणत्या बाजूला उभे राहावे?

उत्तर ४ : माळावरची सायकल

दादा, वळणावर मुळीच थांबू नये. वरून आणि खालून येणाऱ्या दोघांनाही ते दिसतील अशा सरळ जागी, दरीची कड सोडून डोंगराच्या अंगाला त्यांना उभे करा. हातात काठी असू द्या. उतरताना ती पुढच्या पायरीवर आधी टेकवायची आणि मग पाऊल टाकायचे, म्हणजे गुडघ्यावरचा भार कमी होतो. मुलाला मात्र त्यांच्या मागे ठेवा, पुढे नको. म्हणजे वरून एखादा सायकलवाला आलाच, तर त्याला आधी थांबलेली सायकल दिसेल.