१९३० ची मंदी आपल्या घरात कशी आली? (बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणीकडचे अनुभव)

मार्कंडेयकाठ

आपल्याकडे प्लेगच्या आणि दुष्काळाच्या गोष्टी घरोघरी आहेत, मंदीच्या मात्र नाहीत. माझ्या मते याचं कारण असं की मंदीत कोणी उपाशी मेल्याचं दिसत नाही, नुसते उताऱ्यावरचे मालक बदलतात.

थोडी पार्श्वभूमी. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, पण शेतमालाचे भाव त्याआधीच उतरायला लागले होते. कलकत्त्याचा घाऊक भावांचा निर्देशांक (१९१४ = १००) १९२९ ला १४१ होता, १९३३ ला ८७. हे सगळ्या मालाचं झालं. शेतमाल त्याहून जास्त पडला, साधारण निम्म्यावर आला. शेतसारा मात्र रुपयांत ठरलेला, सावकाराचं व्याजही रुपयांत. म्हणजे तेवढाच सारा भरायला दुप्पट जोंधळा विकायचा. त्यात सरकारने १९२७ पासून रुपया १ शिलिंग ६ पेन्सवर बांधून ठेवलेला. रुपया असा महाग ठेवल्यावर कापूस, शेंग बाहेर पाठवणाऱ्याच्या हातात आणखी कमी पडायचं.

घरात ऐकलेलं, कागदावर पाहिलेलं लिहा. कुठल्या घराण्याचं, कुठल्या सावकाराचं नाव नको. त्यांची नातवंडं आपल्याच गल्लीत राहतात.

शहापूरकर

आमचं घर सोनारकामाचं. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात, बेळगाव इंग्रजांकडे. मधे चालत जाण्याइतकंच अंतर. आज्जा तेव्हा पोरगेलेसे, एका पेढीवर भट्टीपाशी बसायचे.

२१ सप्टेंबर १९३१ ला इंग्लंडने पौंडाचा सोन्याशी असलेला संबंध तोडला. आपला रुपया पौंडाला बांधलेला, म्हणून सोन्याचा रुपयातला भाव चढला. आधी तोळा २१ रुपयांच्या आसपास असायचा, तो वर जात राहिला. धान्याला भाव नाही आणि सोन्याला आहे, असा विचित्र योग. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून माणसं यायची. आधी पुतळ्या यायच्या, मग बोरमाळ, मग पाटल्या. मंगळसूत्राच्या वाट्या घेऊन कोणी आलं की पेढीवर कोणी बोलायचं नाही, वजन करून पैसे द्यायचे. आज्जा म्हणायचे, “त्या सालांत घडवलं कमी आणि आटवलं जास्त.” लगडी मुंबईला जायच्या आणि तिथून बोटीने विलायतेला. देशातून कोट्यवधी रुपयांचं सोनं असं गेलं. सरकारला ते सोयीचंच होतं, कारण विलायतेची देणी त्यातून भागत होती.

खरं सांगायचं तर आमच्या घराला त्या वर्षांत काही कमी पडलं नाही. आटणीची मजुरी रोज होती.

निपाणीची सून

सासरचं सांगते. तंबाखूची शेती. व्यापारी पेरणीला उचल द्यायचा आणि माल आला की त्यातून वळती करायचा. भाव पडल्यावर माल देऊनही उचल फिटेना. मग मुदतखरेदीचा कागद झाला. म्हणजे जमीन विकल्याचं लिहायचं आणि अमुक वर्षांत पैसे परत केले तर ती परत मिळेल अशी अट घालायची. पैसे कुठून येणार? मुदत संपली, जमीन गेली. पणजोबा त्याच रानात खंडाने राबायला लागले.

पुढे १९३९ मध्ये मुंबई सरकारने शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला. पण तो कर्जात असलेल्या शेतकऱ्यासाठी. आमचे पणजोबा तोवर कर्जात नव्हते, शेतकरीही नव्हते, कूळ होते.

आता गंमत बघा. १९५६ ला आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. त्याचं दुःख घरात आजही आहे, सासरे सीमालढ्यात तुरुंगात जाऊन आलेत. पण १९७४ ला कर्नाटकाने कूळकायदा कडक केला, ट्रिब्युनल बसले, सासऱ्यांनी सात नंबरचा फॉर्म (कुळाने जमीन नावावर मागण्याचा अर्ज) भरला आणि मंदीत गेलेली जमीन नावावर झाली. सासऱ्यांसमोर हा विषय काढला की ते चहा मागतात.

पेन्शनर

दुसरी बाजू पण येऊ द्या. आमचे आजोबा पोस्टात. १९३१ ला सरकारी नोकरांचा पगार १० टक्के कापला, त्यावर घरात फार हळहळ झाली असं आजी सांगायची. पण तांदूळ, तेल, कापड त्याहून जास्त स्वस्त झालं होतं. बांधलेला पगार असलेल्याला मंदी मानवली. आजोबांनी त्याच काळात जमीन घेतली. लिलावात नव्हे, रीतसर खरेदीने.

निपाणीची सून

रीतसर तर आमची पण गेली, काका.

पेन्शनर

मान्य आहे. कोणी का विकली हे आजोबांनी विचारलं नसणार.

जांबोटी रस्ता

आमच्या आज्जीची आठवण: मंदीत धान्य मिळेना, कार्ड घेऊन रांगेत उभं राहायचं, मिलो खायचा.

मार्कंडेयकाठ

ही आठवण मंदीची नसावी. रेशन आलं दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या आसपास, आणि मिलो त्याच्याही बराच नंतरचा, अमेरिकेहून धान्य यायचं तेव्हाचा. मंदीत उलटं होतं. धान्य पडून, घेणारा नाही. आज्जींच्या माहेरी त्या वर्षांत मुंबईला कोणी होतं का, तेवढं विचारून बघा.

जांबोटी रस्ता

विचारलं. आज्जी ब्याण्णवची आहे, म्हणजे तिलाही हे तिच्या आईकडूनच कळलेलं. तिचा मामा मुंबईला गिरणीत होता. मनिऑर्डर यायची ती बंद झाली, मग मामाच आला. पगार कापले होते, गिरण्या बंद पडत होत्या. १९३४ ला एप्रिलमध्ये मोठा संप झाला, त्यानंतर तो परत गेलाच नाही. आज्जी म्हणाली, “भात होता गा घरात. मीठ आणि रॉकेल आणायला पैसा नव्हता.” आमच्याकडं जंगलाच्या कडेला नाचणा, भात, कुळीथ पिकतं, त्यामुळं पोटाला होतं. सारा भरायला म्हैस विकली.

वडगाव माग

विणकरांचं थोडक्यात. नकली रेशीम आणि जपानी कापड इतकं स्वस्त यायला लागलं की हातमागाच्या लुगड्याला गिऱ्हाईक राहिलं नाही. सरकारने १९३३ ला जपानी कापडावर ७५ टक्के जकात बसवली, पण ती गिरणीवाल्यांच्या ओरडण्यामुळे. पणजोबा आधी स्वतःचं सूत आणून विणायचे, नंतर व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने. माग तोच, घरही तेच. आमच्या चार पिढ्या मजुरीवरच गेल्या, आता यंत्रमाग आहे एवढंच.

अथणीचा

आमच्या भागात जोंधळ्याची पेवं (जमिनीतली धान्याची कोठारं) भरलेली होती म्हणे. बलुतेदारांचं तितकं अडलं नाही, त्यांना खळ्यावर धान्यच मिळायचं. अडलं ते रोजगारावर असणाऱ्यांचं. मालकाकडं रोख नाही, मग कामाला बोलवायचाच नाही. याची नोंद कुठल्या दप्तरात असेल असं वाटत नाही, कारण त्यांच्याकडं विकायला जमीनच नव्हती. मार्कंडेयकाठ, तुमचा उताऱ्याचा मुद्दा इथं अपुरा पडतो.

मार्कंडेयकाठ

बरोबर. कागदवाल्यांचाच इतिहास होतोय हा. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांच्या घरातलं कोणी लिहीत असेल तर आवर्जून लिहा.

हिंडलगा

माझ्याकडे १९३२ चं खरेदीखत आहे, कन्नडमध्ये. मला वाचता येत नाही. समोरच्या अक्कांनी वाचून दाखवलं. विकण्याचं कारण लिहिलंय: सरकारी सारा भरण्यासाठी आणि मुलीच्या लग्नासाठी. साक्षीदार म्हणून अंगठा आहे तो माझ्याच पणजोबांचा, आणि घेणारा त्यांचा सख्खा भाऊ.

शहापूरकर

मग सोनं आधीच संपलं असणार. जमीन शेवटी निघायची.

हिंडलगा

लग्न मात्र झालं. ती मुलगी म्हणजे आमच्या थोरल्या आत्याच्या सासूबाई.