पानातील रोगजंतूंचा प्रसार चमकणाऱ्या जिवाणूंमुळे कसा कळतो?

प्रश्न : कोबीच्या पानावर काळी कूज या जिवाणूजन्य रोगाचे पिवळे डाग दिसतात, तोवर जिवाणू आत बरेच पसरलेले असतात. पान न कापता हा प्रसार पाहण्यासाठी जिवाणूच चमकवतात, ते कसे?

उत्तर १ : सागरी जिवाणूंमधील लक्स जनुके (प्रकाश निर्माण करणारी जनुके) झँथोमोनास या काळी कूज घडवणाऱ्या जिवाणूत घातली की तो स्वतःच निळसर-हिरवा प्रकाश देतो, आणि जिवंत पानात त्याचा माग घेता येतो, हे शॉ व काडो या संशोधकांनी १९८६ मध्ये दाखवले. हा जिवाणू पानाच्या कडेवरील जलरंध्रांतून (पाणी बाहेर टाकणाऱ्या छिद्रांतून) शिरतो व शिरांमधून आत सरकतो, म्हणून डाग व्ही अक्षरासारखा होतो. लक्षणांपूर्वीच ही वाट उजळलेली दिसणे मला फार मोलाचे वाटते.

उत्तर २ : उजेडातून आणलेल्या पानातील हरितद्रव्यही काही काळ मंद प्रकाश सोडते, म्हणून पान आधी काही मिनिटे अंधारात ठेवावे.

प्रश्नकर्ता : प्रकाश मंदावला, तर जिवाणू मेले असे समजावे का?

उत्तर १ : लगेच नाही. प्रकाश देण्याची क्रिया ऑक्सिजनवर व पेशीतील ऊर्जेवर अवलंबून असल्याने जिवंत जिवाणूही निस्तेज होऊ शकतात. खात्रीसाठी पानाचा अर्क जिवाणू वाढवण्याच्या पोषक माध्यमावर पसरून, जिवंत जिवाणूंपासून वाढणाऱ्या वसाहती (ठिपके) मोजाव्यात.