फाइलीच्या ‘परमिशन’ला मराठीत काय म्हणायचं?

धागाकर्ती
ऑफिसातल्या नव्या मुलांसाठी लिनक्सच्या बॅकअपवर चार पानं मराठीत लिहितेय. एका वाक्यावर दोन दिवस अडलेय: ‘सेटिंगांचा बॅकअप घेताना फाइलींच्या परवानग्या जतन करा.’ हे वाचून एकाने विचारलं, “परवानगी कुणाकडून घ्यायची, साहेबांकडून?” हसू आलं, पण त्याचं चुकलं कुठे? दुसरा शब्द सुचवा. ‘अनुमती’ नको, तीच अडचण सोवळं नेसून येते.

सर्व्हरवाला
परवानगी मागावी लागते आणि कुणीतरी द्यावी लागते. मोबाइलवर ॲप कॅमेरा मागतं, आपण हो म्हणतो, तिथे तो शब्द चपखल. फाइलीपाशी कुणी काही मागत नाही. मालकाने काय करायचं, गटाने काय, इतरांनी काय, हे तिच्यासोबत आधीच नोंदलेलं असतं. वाचायचे 4, लिहायचे 2, चालवायचा 1; मालक, गट, इतर या क्रमाने प्रत्येकाची बेरीज एकेका अंकात. डेबियन या लिनक्सवर पासवर्डांचे हॅश (मूळ पासवर्ड न दाखवणारी रूपं) असलेली ‘शॅडो’ फाइल 640 असते: मालक रूट (मशीनवरचा सर्वाधिकारी वापरकर्ता) वाचतो-लिहितो, शॅडो नावाचा गट नुसता वाचतो, इतरांना भोपळा. याला मी ‘अधिकार’ म्हणतो.

हा शब्द मला ठेच लागून मिळाला. डिस्क बदलायची होती म्हणून सेटिंगांचा ‘ईटीसी’ फोल्डर ‘सीपी’ या साध्या कॉपी कमांडने पेनड्राइव्हवर टाकला. पेनड्राइव्हवरची फाइलव्यवस्था फॅट32, तिला लिनक्सचे मालक-गट ठाऊकच नाहीत. कोऱ्या डिस्कवर परत आणला तर सगळ्या फाइली सरसकट 755. मजकूर अक्षर न् अक्षर जागेवर, पण एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करू देणारी सेवा) काही सुरू होईना. लॉगमध्ये तक्रार, की खाजगी किल्लीच्या परमिशन ‘टू ओपन’ आहेत. आता हे मराठीत करून बघा. ‘परवानगी फार उघडी आहे’ म्हणजे काय? ‘अधिकार फार सैल आहेत’ म्हटलं की लगेच कळतं. आणि एसएसएचने निदान बोंब तरी मारली. ‘शॅडो’ फाइल त्या मशीनवर कुणालाही वाचता येत होती, तिच्याबद्दल कुठेही चकार शब्द नाही.

तलाठीकन्या
‘अधिकार’ला +१. सातबाऱ्यातला सात म्हणजे गाव नमुना सात, त्याचं नावच ‘अधिकार अभिलेख पत्रक’. त्यात भोगवटादाराचं नाव असतं आणि ‘इतर अधिकार’ असा रकानाही असतो. फाइलीची नोंद यापेक्षा फार वेगळी नाही. (‘गट’ मात्र फसवा. आमच्याकडे गट म्हणजे जमिनीचा तुकडा.) फाइलीचा मालक बदलणाऱ्या ‘सीएच-ओन’ कमांडला तर मी फेरफारच म्हणते.

बाई, ‘जतन’ पण काढा. मेनूत ‘जतन करा’ म्हणजे सेव्ह. मुलं बटण शोधत बसतील. ‘कायम ठेवा’ लिहा.

धागाकर्ती
पटलं. ‘मुभा’ कसं वाटतं? आणि रिस्टोअरला? ‘पुनर्संचयित’ टाइप करतानाच माझी दमछाक होते.

सर्व्हरवाला
मुभेत सवलतीचा वास येतो, नको. रिस्टोअरला सरळ ‘परत आणणे’. ‘पूर्ववत’ खरं तर सुंदर शब्द, पण मेनूंनी तो अनडूला देऊन टाकलाय. तरी ‘अधिकार पूर्ववत झाले का ते बघा’ असं वाक्यात आलं तर कुणी गोंधळणार नाही.

धागाकर्ती
मग असं: ‘बॅकअप घेताना आणि परत आणताना फाइलींचे मालक, गट व अधिकार कायम ठेवा. पेनड्राइव्हवर न्यायचं तर आधी टार कमांडने सगळ्या फाइली एका गाठोड्यात बांधा, म्हणजे या नोंदी गाठोड्याच्या आत राहतात.’

सर्व्हरवाला
छान. दोन गोष्टी घाला. कॉपीसाठी आरसिंक कमांड वापरणार असाल तर नुसता स्मॉल ‘-ए’ पर्याय पुरत नाही. एसीएलसाठी (एकेका वापरकर्त्याला वेगळे अधिकार देणारी यादी) कॅपिटल ए आणि विस्तारित गुणधर्मांसाठी (फाइलीला जोडलेल्या जादा नोंदी) कॅपिटल एक्स वेगळे द्यावे लागतात. दुसरं, गाठोडं रूट म्हणूनच सोडायचं, नाहीतर सगळ्या फाइली सोडणाऱ्याच्या नावावर चढतात.

तलाठीकन्या
म्हणजे नोटीस न काढताच फेरफार!