गणपतीतली भिंत: नोबेल की मॅगसेसे?

सचिव: सर्व सभासदांना नमस्कार. यंदा गणेशोत्सवात क्लब हाऊसच्या लांब भिंतीवर मुलांसाठी जगप्रसिद्ध पुरस्कारांच्या मानकऱ्यांची माहिती लावावी, असे समितीच्या बैठकीत ठरले आहे. नोबेल मिळालेल्या भारतीयांचे छापील फलक बाजारात तयार मिळतात. कोणाची हरकत असल्यास परवापर्यंत कळवावे.

बी-४०३: सचिव महोदय, माझी हरकत नाही, विनंती आहे. आपण पनवेलमध्ये, म्हणजे रायगड जिल्ह्यात राहतो आणि या एका जिल्ह्याशी, आशियातल्या लोकांना निःस्वार्थ सेवेसाठी दिल्या जाणाऱ्या आणि 'आशियाचे नोबेल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रॅमन मॅगसेसे पुरस्काराचे चार मानकरी जोडलेले आहेत, हे आपल्या मुलांना तर सोडाच, पण आपल्यापैकी बहुतेकांनाही ठाऊक नसेल. फिलिपाइन्सचे राष्ट्राध्यक्ष रॅमन मॅगसेसे १७ मार्च १९५७ रोजी सेबू बेटावरील विमान अपघातात गेले. त्यांच्या स्मरणार्थ त्याच वर्षी हा पुरस्कार स्थापन झाला आणि १९५८ मध्ये, पहिल्याच वर्षी, तो विनोबा भावे यांना मिळाला. विनोबांचा जन्म पेण तालुक्यातील गागोद्याचा. पुढच्याच वर्षी तो चिंतामणराव देशमुखांना मिळाला, ते महाडजवळच्या नाते गावी जन्मले. १९९६ चे मानकरी पांडुरंगशास्त्री आठवले रोह्याचे, आणि २०१८ चे डॉ. भरत वाटवानी यांचे काम कर्जतला उभे आहे. रोहा माझे आजोळ आहे, म्हणून हे लिहिताना मला विशेष आनंद होतो. नोबेलचे तयार फलक कोणीही लावील, परंतु ही भिंत आपणच लावू शकतो.

सी-२०५: सर, सूचना फार आवडली. त्यावर 'आशियाचे नोबेल विजेते' असा मथळा द्यावा का? मुलांना पटकन कळेल.

बी-४०३: ताई, तो मथळा टाळावा असे मला मनापासून वाटते. मदर तेरेसांना मॅगसेसे १९६२ मध्ये मिळाला आणि नोबेल १९७९ मध्ये, म्हणजे मॅगसेसे देणाऱ्या मनिलातल्या मंडळींनी कोलकात्यातले ते काम नोबेल शांतता पुरस्कार देणाऱ्या ऑस्लोच्या सतरा वर्षे आधी ओळखले होते. ज्या पुरस्काराची नजर इतकी चांगली आहे, त्याला दुसऱ्याच्या नावाने ओळख करून देण्याची गरज नाही.

ए-३०१: सर, आपल्याविषयी पूर्ण आदर राखून एक शंका विचारतो. विनोबा लहानपणीच बडोद्याला गेले, शास्त्रीजींचे कार्य मुंबईच्या माधवबागेतून वाढले आणि डॉ. वाटवानी तर मुंबईतच व्यवसाय करणारे मनोविकारतज्ज्ञ. मग त्यांना 'रायगडचे' म्हणणे ओढूनताणून केल्यासारखे होणार नाही का?

बी-४०३: शंका रास्त आहे आणि तिने माझा विचार अधिक स्पष्ट झाला. जन्मगाव कोणी निवडत नाही, त्यामुळे केवळ जन्माच्या दाखल्यावर अभिमान धरण्यात फारसे काही नाही. देशमुखांची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री, एवढे आपल्याला पाठ असते. पण १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते लोकसभेवर गेले ते कुलाब्यातून, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातून (रायगडचे तेव्हाचे नाव कुलाबा), आणि मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या धोरणाविरुद्ध १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले. तीन वर्षांनी त्यांना शासकीय सेवेसाठीचा मॅगसेसे मिळाला. खुर्चीत बसून केलेल्या कामाइतकीच ती सोडण्याची वेळ ओळखणे हीसुद्धा शासकीय सेवाच आहे, असे माझे मत आहे. विनोबांच्या फलकावर १९५१ चे तेलंगणातले पोचमपल्ली आणि तिथे भूमिहीनांसाठी दान मिळालेले पहिले शंभर एकर हवेतच, परंतु तिथून सुरू झालेल्या भूदान चळवळीत कबूल झालेली पुष्कळशी जमीन प्रत्यक्ष भूमिहीनांच्या हाती पोहोचली नाही, हेही त्याच फलकावर लिहावे. मुलांना अर्धीच गोष्ट सांगू नये.

राहिले डॉ. वाटवानी. त्यांचा जन्म इथला नाही, पण कर्जत त्यांनी निवडले, आणि म्हणून या चौघांत आपल्या जिल्ह्याचे नाते मला त्यांच्याशीच सर्वांत घट्ट वाटते. ते आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता, दोघेही मनोविकारतज्ज्ञ. एकदा त्यांना मुंबईत रस्त्याकडेला एक तरुण नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला आपल्या रुग्णालयात नेऊन उपचार केले, तेव्हा तो चांगला शिकलेला पदवीधर असल्याचे समजले. १९८८ मध्ये त्यांनी श्रद्धा पुनर्वसन संस्था काढली. आरंभी दहिसरला अगदी लहानशा जागेत काम चाले. पुढे आनंदवनात बाबा आमटे यांची भेट झाली आणि हे काम मोठ्या प्रमाणावर करण्याची प्रेरणा त्यांना तिथे मिळाली. बाबा स्वतः १९८५ चे मॅगसेसे मानकरी. त्यानंतर कर्जतचे केंद्र उभे राहिले. रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण आणायचा, त्याला स्वच्छ करायचे, औषधोपचार करायचे, आणि त्याला आपले गाव आठवू लागले की संस्थेच्या माणसाने सोबत जाऊन त्याला घरी पोहोचवायचे, मग ते घर बिहारमध्ये असो वा तमिळनाडूत. अशी हजारो माणसे घरी परतली आहेत.

ए-१०२: सरांचा संदेश मी दोनदा वाचला आणि आता न लिहिता राहवत नाही. मागच्या पावसाळ्यात आपल्या फाटकाशी, रोहित्राजवळ, जटा वाढलेले एक गृहस्थ आठ-दहा दिवस बसून असत, हे अनेकांना आठवत असेल. ते कोणाच्या वाटेला जात नव्हते, केवळ स्वतःशी काहीतरी हिशेब केल्यासारखे बोटे मोजत असत. याच ग्रुपवर तक्रारी आल्या, त्यांतली एक माझी होती. मग वॉचमनने त्यांना महामार्गाच्या पलीकडे नेऊन सोडले आणि आपण सर्वांनी त्याचे आभार मानले. ते पुढे कुठे गेले, हे आपल्यापैकी कोणी विचारले नाही. कर्जत इथून तासाभराच्या अंतरावर आहे, हे मला आज लक्षात आले, आणि मनाला फार लागले.

सचिव: काकू, वॉचमनला तशी सूचना मीच दिली होती. जबाबदारी माझी आहे.

ए-३०१: त्या वेळी अंगठा उंचावून संमती देणाऱ्यांत मीही होतो. सर, अशा वेळी नेमके काय करायला हवे होते?

बी-४०३: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात याची स्पष्ट तरतूद आहे. निराधार अवस्थेत भटकणारी व्यक्ती मानसिक आजाराने त्रस्त असून स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असे दिसल्यास, तिला संरक्षणात घेण्याचे काम पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याचे आहे, आणि चोवीस तासांच्या आत तिला जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीसाठी न्यावे लागते. तिला कोठडीत ठेवता येत नाही. म्हणजे आपण 'याला हटवा' असे न सांगता 'यांना रुग्णालयात न्या' असे सांगायला हवे होते, आणि दुसऱ्या दिवशी चौकशी करायला हवी होती. डॉ. वाटवानींच्या फलकाचा खालचा अर्धा भाग याच माहितीला द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

सी-२०५: माझे माहेर जामखेडचे, म्हणून जिल्ह्याची सीमा थोडी ओलांडते, त्याबद्दल क्षमा असावी. १९७९ मध्ये, मदर तेरेसांना नोबेल मिळाले त्याच वर्षी, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याला मॅगसेसे मिळाला. १९७० मध्ये त्यांनी जामखेडला काम सुरू केले. गावात राहायला प्रशिक्षित परिचारिका टिकेनात, तेव्हा त्यांनी गावकऱ्यांनाच आपल्यातली एक बाई निवडायला सांगितले. निवडल्या गेलेल्या बायका बहुतेक निरक्षर आणि पुष्कळशा दलित वस्तीतल्या होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकत आणि गावी परतून बाळंतपणे, जुलाब, कुष्ठरोग, बाळांचे वजन हे सारे पाहत. त्या भागात १९७१ मध्ये हजारात १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. पाच वर्षांत हा आकडा ५२ वर आला. आरोळ्यांचा फोटो लावला तर त्याच्या शेजारी, त्याच आकारात, या बायकांविषयी लिहिलेले असावे.

बी-४०३: ताई, सीमा ओलांडल्याबद्दल क्षमा कसली? पाचवा फलक जामखेडचा. मजकूर तुम्हीच लिहावा, आणि तुमच्या आईंना त्या काळातले काही आठवत असेल तर तेही विचारून घ्यावे.

ए-१०२: डॉ. वाटवानींच्या फलकाचा खर्च मी देते. त्याला वर्गणी म्हणू नये.

सचिव: नोबेलचे फलक आणायचे रद्द करीत आहे. पाचही मजकूर रविवारपर्यंत द्यावेत. पोलीस ठाणे आणि सरकारी रुग्णालय यांचे दूरध्वनी क्रमांक मी आजच मिळवून वॉचमनच्या खोलीत लावतो. महामार्गापलीकडच्या टपरीवाल्यांकडे त्या गृहस्थांची चौकशी करायला उद्या सकाळी सात वाजता निघणार आहे, कोणी सोबत येत असल्यास कळवावे.

ए-३०१: मी येतो.

ए-१०२: मीही येते. त्यांच्या अंगावर निळी, उसवलेली बरसाती होती, एवढे मला आठवते.