मिरजेची छोटी गाडी

ख्रिस्ती सेवा म्हणजे शेवटी बाप्तिस्म्याचं आमिषच, असं वर एकांनी लिहिलंय. तसं कुठेच झालं नसेल असं मी म्हणणार नाही. पण आमच्या घरचं वेगळं आहे. आजोबा सोलापुरात गिरणी कामगार, पक्के माळकरी. पोटाचं ऑपरेशन मिरजेला झालं, मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात. कुर्डुवाडीला बार्शी लाइट या अरुंद रुळांच्या रेल्वेची छोटी गाडी धरायची, तिचा वेग विचारू नका! ऑपरेशनआधी नर्सबाईंनी गळ्यातली तुळशीची माळ काढून रुमालात बांधली, स्वतः प्रार्थना केली, आणि शुद्धीवर येताच आधी माळ परत घातली, मग पाणी विचारलं.

बायबलमधल्या, वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या शोमरोन्याच्या गोष्टीतही तो जखमी माणसाची जातपात विचारत नाही, उतारशाळेवाल्याला दोन नाणी देतो नि वाटेला लागतो. आजोबांची वारी पुढे वीस वर्षं चालली.